खोली सातची रांग

४ तारीख, सोमवार

आजपासून मी लोकांची दुःखं मोजतो. पगारी.

मामांनी चिकटवलं. ते याच कर्करोग इस्पितळात रेकॉर्ड रूम सांभाळतात. मोठ्या सिस्टरना ते म्हणाले, "पोरगा हुशार आहे, फक्त डोकं गरम आहे." सिस्टर म्हणाल्या, "इथे गार होतं सगळ्यांचं." मग दोघं हसले. माझ्याच नोकरीत माझ्यावर हसायची परवानगी यांना कुणी दिली, ठाऊक नाही.

कॉलेज मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. मामा 'काढलं' म्हणतात. तपशिलाचा फरक आहे. सरांनी भरवर्गात विचारलं, "काय राजे, अडीच महिने हवापालटाला होतात?" मी त्यांचं हजेरीपुस्तक दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

काम सोपं आहे. कागदावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. 'गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला?' पेशंटने आकड्याभोवती गोल करायचा. चार किंवा त्याहून जास्त आला की मी गुलाबी चिठ्ठी फाडायची आणि खोली सातबाहेरच्या पेटीत टाकायची. खोली सातमध्ये समुपदेशक बसते. चिठ्ठीवर फक्त नाव आणि खुर्चीचा नंबर, आकडा लिहायचा नाही. आकडा खासगी असतो, म्हणून तो कागदावर राहतो आणि कागद थेट मामांच्या कपाटात जातो, जिथे तो कुणीही कधीही वाचत नाही. गुप्तता म्हणतात ती हीच.

तीनपर्यंतचा माणूस सुखी धरायचा. हे आधी माहीत असतं तर मीही बराच काळ सुखात काढला असता.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं बटण दोनदा दाबावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, "अरे वा, पहिल्याच दिवशी कळलं तुला!" मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो.

५ तारीख, मंगळवार

एकतीस कागद, सत्तावीस शून्यं. केस गळतायत, तोंडात फोड आलेत, पाण्याचा घोट उलटून पडतोय, पण त्रास म्हणून कुणाला नाही. एवढे सुखी लोक मी लग्नाच्या जेवणावळीतही पाहिले नाहीत.

बहुतेकांचे आकडे नातेवाईकच सांगतात. एका आजीला विचारलं, तर मुलगा मध्येच, "शून्य लिहा, आई एकदम पॉझिटिव्ह आहे." मी म्हटलं, "आजींना बोलू द्या की." तो म्हणाला, "तुम्ही नवीन आहात का?" माझी कानशिलं तापली. आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लिही बाळा शून्य. त्याला कामावर जायचंय."

७ तारीख, गुरुवार

आज दोन माणसं भेटली. दोन्ही लिहून ठेवायला हवीत.

पहिला, सलाईनच्या हॉलमधली खुर्ची नंबर अकरा. दांडगा गडी. एकतीस वर्षं बस चालवली. आतड्याचा कॅन्सर, केमोच्या बारा फेऱ्यांतली आठवी. शेजारी बायको, मांडीवर पिशवी. माझ्या हातातलं चिठ्ठ्यांचं पुस्तक बघून ते ओरडले, "या कंडक्टर! कुठवरचं तिकीट देताय?"

"काका, शून्य ते दहा."

"मग शून्य. मी पहिल्याच थांब्यावर उतरतो."

अख्खा हॉल हसला. काकू हसल्या नाहीत. ड्रायव्हरकाकांनी पेन लहान मुलासारखं मुठीत धरलं आणि काढलेला गोल शून्य सोडून भलतीकडेच गेला. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला लिहायची सवय कुठून असणार?

दुसरी, खोली सात.

एका शिक्षिकेचा सहा आला. पेटी भरलेली होती, म्हणजे तिचं झाकण अडकलं होतं, म्हणून मी दार ठोठावलं. ती खिडकीत उभं राहून फाईल वाचत होती. वळली आणि म्हणाली, "बसा ना."

बसा ना. लोक मला 'बाजूला हो' म्हणतात, 'ए' म्हणतात, घरी तर नुसतं बघतात. ही म्हणाली, बसा ना. मी बसलो. पुढचं आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा पेन आतच राहिलं होतं. परत गेलो. पुन्हा म्हणाली, "बसा ना."

८ तारीख, शुक्रवार

दिवसभरात चार किंवा त्यावरचे फक्त दोघे. म्हणजे खोली सातला फक्त दोन फेऱ्या. लोकांना खरोखर काही दुःखच नसावं याचा मला आज मनापासून संताप आला.

११ तारीख, सोमवार

तीन आणि चार यांत असं अंतर तरी किती? एका काकांनी तीनला गोल केला. मी म्हटलं, "काका, नक्की तीन? रात्री जाग येत नाही?" "येते की." "मग?" "मग चार कर बाबा." झालं. मी काही खोटं केलं नाही, माणसाला विचार करायला लावलं. प्रश्न विचारायचाही एक हात असतो, तो मला आहे. दोनवाल्यांना दोन प्रश्न लागतात, एकवाल्यांना तीन. शून्यवाल्यांच्या नातेवाइकांना आधी चहाला पाठवावं लागतं.

आज अकरा चिठ्ठ्या. पेटीत एकही टाकली नाही. एकेक करून हातात दिली.

तिच्या बोटात अंगठी आहे. राशीच्या खड्याची असावी, खडा मात्र नाही. दुपारी एकाला तिला फोन येतो. आज ऐकलं, "खाल्लं का तिने? सगळं सांडलं? बरं, मी सहापर्यंत येते, तिला बाहेर सोडू नकोस." मांजर असणार. मलाही मांजरं आवडतात, हे उद्या सहज सांगून टाकतो.

१३ तारीख, बुधवार

सांगितलं. तिने फाईल मिटली आणि म्हणाली, "हो का? छान." मग तिने माझी चौकशी केली! झोप लागते का, जेवण जातं का, घरी कोण कोण. इतक्या बारकाईने कुणी कुणाची चौकशी उगाच करत नाही.

"आई आणि मी," म्हटलं.

"आणि वडील?"

"ते इथेच होते. दोन मजले वर. अडीच महिने."

तिने कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मला सर्दी नव्हती. तिला असं वाटलं असेल की आहे. मी एक घेतला, तिचं मन मोडू नये म्हणून.

"तुम्हाला कधी बोलावंसं वाटलं तर," ती म्हणाली, "ही खोली तुमच्यासाठीही आहे."

ही खोली तुमच्यासाठीही आहे! घरी चालत गेलो. बस आली होती ते लक्षातच नाही.

१६ तारीख, शनिवार

आज मीटिंग. मोठ्या डॉक्टरांनी कपाटातल्या कागदांवरचे आकडे कुणाकडून तरी मोजून घेतले होते, त्यांचा आलेख पडद्यावर लावला. शून्यावर एक उंच खांब, मग सपाट मैदान आणि चारवर एकदम मनोरा. मला घाम फुटला. डॉक्टरांनी मनोऱ्यावर काठी टेकवली आणि म्हणाले, "हे फार बोलकं आहे. आपला पेशंट टोकाचं दुःख दाखवत नाही, मध्यम दाखवतो. यावर पेपर होऊ शकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने वहीत 'मध्यम' लिहून घेतलं.

मग माझं कौतुक. मी आल्यापासून चिठ्ठ्या सहापट. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आईला सांगितलं, ती म्हणाली, "बरं वाटतं का रे तुला तिथे?" काय प्रश्न आहे! कौतुक झालं म्हणतोय मी.

ती मीटिंगला नव्हती. पेशंट होते म्हणे.

२१ तारीख, गुरुवार

आज एक खराखुरा मोठा मिळाला.

ड्रायव्हरकाकांची नववी फेरी. काकू खाली औषधांच्या रांगेत होत्या. काकांनी मला खूण करून जवळ बोलावलं. विनोद नाही, काही नाही. "कंडक्टर, ती यायच्या आत दे तो कागद." आणि मुठीत पेन धरून गोल केला. वाकडा, पण नऊवर. "हे तिला दिसता कामा नये."

"नाही दिसणार काका."

मी उडालोच. नऊ! केस नीट केले आणि निघालो. हातात दुपारच्या सात चिठ्ठ्या, त्यांत ही एक. खोली सातमध्ये ती डोळे मिटून बसली होती. टेबलावर जेवणाचा डबा तसाच झाकलेला. हल्ली ती वाळलीय. मांजर बरं नसेल.

तिने विचारलं, "यांत कुणाला लगेच बघायला हवं असं आहे का? मी दिवसाला चार नवीन घेऊ शकते आणि साठ लोक थांबलेत."

मी नेमका तेव्हाच विचारत होतो, "मांजर जेवतं का आता?" तिचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकावर एक पडले. ती म्हणाली, "कोणतं मांजर?" मी म्हटलं, "नाही, काही नाही, नेहमीचंच." तिने वहीत सात नावं लिहिली, सात तारखा दिल्या.

काकांची तारीख पुढच्या महिन्याची दहा. तिने दिलेली तारखेची चिठ्ठी त्यांनी बराच वेळ लांब धरून वाचली. "एकोणीस दिवस?"

"गर्दी आहे काका."

"बरं." ती खिशात घालायला गेले, जमेना. पुन्हा प्रयत्न केला. शेवटी मीच घातली. म्हातारपण. काकू आल्यावर त्यांनी लगेच चालू केलं, "अगं, कंडक्टर आज तिकीट न काढताच निघाला होता."

५ तारीख, गुरुवार

गेले दोन आठवडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. चिठ्ठ्या, चिठ्ठ्या, बसा ना.

आज दहावी फेरी होती आणि खुर्ची अकरा रिकामी. सिस्टरनी फोन लावला. काकूंनी उचलला, म्हणाल्या, "ते येत नाही म्हणतात. आता कधीच." सिस्टरनी फोन ठेवला आणि वहीत लाल पेनने 'गैरहजर' लिहिलं.

गैरहजर. मी ती वही उचलली. खिडकीकडे बघितलंही. मग खाली ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "तुला काय झालं?"

नऊ. त्यांनी मला नऊ सांगितलं होतं आणि मी मांजराचं विचारत होतो.

६ तारीख, शुक्रवार

सगळं सांगितलं. दार लावून, उभ्यानेच. तीनचे चार, दोनचे चार, चहाला पाठवलेले नातेवाईक.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग, "का?"

"इथे यायला मिळावं म्हणून."

"इथे म्हणजे?"

मी जमिनीकडे बघितलं. फरशी सात बाय नऊ आहे. कळलं तिला. लालबिल काही झाली नाही. दमल्यासारखं हसली आणि म्हणाली, "मला चार वर्षांची मुलगी आहे. आणि तिला सांभाळणारा नवरा. मांजर नाही."

"बरं," मी म्हटलं. माणूस अशा वेळी आणखी काय म्हणतो?

मग तिने साठ चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे आपटला. आवाज चढला. "तू आता बस आणि प्रत्येकावर खरा आकडा लिही! तू विचारलंस, तुला आठवतच असेल!" तू म्हणाली. पहिल्यांदाच. अशा वेळीही ते लक्षात आलं, याची मला लाज वाटली. तीही थोडीच.

आठवत होते. साठच्या साठ. एक्केचाळीस मी ओढून आणलेले, एकोणीस आपल्या पायांनी आलेले. काकांच्या चिठ्ठीवर नऊ लिहिला तेव्हा तिने वही ओढली आणि सोमवारी एकला, स्वतःच्या जेवणाच्या वेळेवर, त्यांचं नाव लिहिलं.

मी निघताना म्हणाली, "तुझ्या खोट्या चारांपैकी निम्मे लोक इथे येऊन रडले. तासभर बोलले. त्यांना कुणी दोनदा विचारलंच नव्हतं."

माझी मान जराशी वर झाली असावी.

"खूश होऊ नकोस," ती म्हणाली. "त्यांच्यामुळे नऊवाले काका बाहेर राहिले. त्यांच्यामुळे नाही, तुझ्यामुळे."

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिलो. ते मला रागावले कमी, मनोऱ्याबद्दल हळहळले जास्त. उद्यापासून कागद सिस्टर भरणार, मी मामांच्या हाताखाली फाईली वाहणार. मामा घरापर्यंत सोबत आले. दाराशी आल्यावर म्हणाले, "स्वतःहून सांगितलंस ना?" "हो." "मग जेवून घे."

७ तारीख, शनिवार

काकांचा पत्ता रेकॉर्ड रूममध्ये मिळाला. पहिल्याच दिवशी नवीन खात्याचा गैरवापर.

दुसरा मजला. काकूंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि न विचारता चहा टाकायला आत गेल्या. काका बनियनवर, खिडकीशी. "कंडक्टर? आता घरपोच सेवा?"

"काका, तुम्ही आला नाहीत."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुला एक सांगू? आठ फेऱ्या शून्य सांगितलं, तेव्हा सगळे 'वा वा' करत होते. एकदा नऊ सांगितलं, तर एकोणीस दिवसांनी या. म्हटलं, शून्यच बरा होता. निदान लोक हसायचे तरी."

मी त्यांना सांगून टाकलं. माझ्यामुळे रांग लागली, ती का लागली, सगळं. ते ऐकत होते. तोंड दगडासारखं. मला वाटलं, आता उचलून जिन्यावरून खाली टाकणार. टाकायला हवं होतं.

त्याऐवजी त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. "यातली सात बोटं माझी नाहीत. आहेत, पण कळत नाहीत. बटण कळत नाही. किल्ली कळत नाही. गरम कप धरला तर गरम कळत नाही, चामडी जळल्यावर दिसतं. डॉक्टर विचारतात, दुखतं का? दुखत नाही रे! दुखलं असतं तर सांगितलं असतं. एकतीस वर्षं मी याच बोटांवर साठ माणसं नेली-आणली. रस्त्यातला खड्डा मला डोळ्यांआधी हाताला कळायचा. अजून तीन फेऱ्या घेतल्या तर उरलेली तीनही जातील. मग जगून मी धरू काय?"

मला त्यांचा वाकडा गोल आठवला. खिशात न जाणारी चिठ्ठी आठवली. म्हातारपण, असं लिहिलं होतं मी. हुशार पोरगा.

"हे डॉक्टरांना सांगायलाच हवं," मी म्हटलं. "त्यावर काही करता येत असेल."

"आणि नसेल तर?"

"मला माहीत नाही काका. मी कॉलेज सोडलंय."

त्यांनी पंजे मांडीवर ठेवले. मग, "ती खोली सातवाली कशी आहे?"

"चांगली आहे."

"ते दिसलंच, साठ माणसं उभी केलीस तिच्या दारात. ऐकते का, ते विचारतोय."

"ऐकते. सोमवारी एक वाजता, जेवण सोडून तुमच्यासाठी बसणार आहे. तिला नवरा आहे काका. आणि चार वर्षांची मुलगी."

यावर ते इतके हसले की काकू कप घेऊन बाहेर आल्या. "काय झालं एवढं?" काका म्हणाले, "काही नाही, कंडक्टरची गाडी चुकली." काकूंनी त्यांचा कप त्यांच्या हातात दिला नाही, समोर स्टुलावर ठेवला, फुंकर घालून.

येतो म्हणाले नाहीत.

९ तारीख, सोमवार

आले. एक वाजून दहा मिनिटांनी, काकूंना खाली बाकावर बसवून एकटेच वर. मी फाईलींचा गठ्ठा घेऊन त्या मजल्यावर उगाच तीन चकरा मारल्या. दार बंद. अडीच वाजता ती त्यांना घेऊन स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

मामांनी बातमी आणली. डॉक्टरांनी कापूस आणि सुईचं बोथट टोक बोटांवर लावून पाहिलं. बोटांना मारणारं औषध एकच आहे, ते कमी करतील, लागलं तर बंद करतील, बाकीची चालू. गेलेलं परत किती येईल ते सांगता येत नाही. काकांनी विचारलं, "आठव्या फेरीला सांगितलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "बरं झालं असतं."

मामा एवढंच म्हणाले आणि कपाट लावायला लागले. मी त्यांना मदत केली.

१२ तारीख, गुरुवार

दहावी फेरी. खुर्ची अकरा भरलेली.

फाईली घेऊन मी हॉलमधून चाललो होतो. सिस्टर पॅड घेऊन काकांपाशी उभ्या. काकू शेजारीच, यावेळी औषधाच्या रांगेत नाही. सिस्टरनी विचारलं, "काका, किती?" आणि मी थांबलो. थांबायचं कारण नव्हतं.

काकांनी एकदा बायकोकडे बघितलं. मग चढ्या आवाजात, मागच्या सीटपर्यंत जाईल असं, "आठ!"

हॉलमधल्या माना वळल्या.

"आठ?" काकू म्हणाल्या. "मला घरी दोन सांगितलं होतंत!"

"तुला सवलतीत दिलं होतं."

"सवलतीत!" काकूंनी त्यांच्या दंडावर चापट मारली, सुई नसलेल्या. डोळे भरलेले आणि चापट चांगली जोरात. "दोन महिने तुमची बटणं लावतेय मी. मला काय आंधळी समजलात?"

पलीकडच्या खुर्चीतल्या आजी मुलाला म्हणाल्या, "तू जरा चहा घेऊन ये." मुलगा म्हणाला, "आत्ताच घेतला की." आजी म्हणाल्या, "आणखी घे." मी महिनाभर घसा सुकवून जो प्रयोग करत होतो, तो त्यांनी दोन शब्दांत केला.

सिस्टर कागद घेऊन निघाल्या, तर काकूंनी त्यांचा पदर नाही, पॅडच धरलं. "आमचा कागद कुठाय?"

"तुमचा कसला?"

"बरोबर येणाऱ्यांचा."

सिस्टरनी ड्रॉवर उघडला, बंद केला. "तसा नसतो हो काकू."

"मग यांच्याच कागदाच्या मागे लिहा. माझ्या नावाने."

सिस्टरनी इकडे तिकडे बघितलं. मग कागद उलटा केला, पेन काढलं. काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. काका छताकडे बघत होते, पण मान काकूंच्या बाजूला कलली होती.

मी दोन पावलांवर होतो. आकडा मला ऐकू आला.

इथे लिहीत नाही.